फिल्टर तुंबला, की नुसती मोटार चालू आहे?

बारामती, इंदापूर भागात ठिबकचं ऑटोमेशन आता नवलाईचं राहिलेलं नाही. नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस असो, नाहीतर इंदापूरकडची डाळिंबं आणि द्राक्षं. मोटारीला मोबाईल स्टार्टर, बांधावरच्या पेटीत कंट्रोलर आणि प्लॉटागणिक सोलेनॉइड व्हॉल्व्ह दिसू लागलेत. कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात शेतकरी असली यंत्रं हाताळून बघतात. ऊसशेतीत एआय वापरण्याच्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगाचं नाव तर २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनीही घेतलं. वरचं एआय कितीही हुशार असो, बांधावरून येणारा निरोप मात्र बहुतेक वेळा एक साधा पूर्णांक असतो. १६३, एवढाच.

हा आकडा वाचायचा कसा, त्यातला एखादाच बिट तपासायचा कसा, आणि तपासताना नेमकं कुठे घसरायला होतं, हे या लेखात बघू. बारामतीच्या विद्यानगरीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, किंवा डिप्लोमा करून घरच्याच रानासाठी कंट्रोलर जुळवू पाहणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे हाच आकडा येतो, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतली आहेत. आकडे छापताना देवनागरीत छापलेत. कीबोर्डवर मात्र इंग्रजीच वापरा. मराठी नावं पायथॉन ३ जशीच्या तशी घेतो. सी भाषेत ती रोमन लिपीत लिहिलेली बरी, कारण सगळे कंपायलर अजून तेवढे उदार नाहीत.

समजा, तुमचा कंट्रोलर आठ गोष्टींची स्थिती एका बाइटमध्ये पाठवतो. सर्वांत उजवीकडचा बिट शून्याव्या क्रमांकाचा. बिट ० म्हणजे मोटार चालू, १ म्हणजे स्टार्टर ऑटोवर, २ म्हणजे फेज गेला, ३ म्हणजे मोटार कोरडी पळतेय, ४ म्हणजे ओव्हरलोड, ५ म्हणजे फिल्टर तुंबला, ६ म्हणजे शेततळं भरलं, ७ म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह उघडा. प्रत्येकाला नाव देऊन ठेवा:

चालू = १ << ०
ऑटो = १ << १
फेज = १ << २
कोरडी = १ << ३
ओव्हरलोड = १ << ४
फिल्टर = १ << ५
तळं = १ << ६
व्हॉल्व्ह = १ << ७

१ ला डावीकडे पाच घरं सरकवलं की ३२ होतात. नुसते ३२ लिहूनही चालतं, पण सहा महिन्यांनी तो ३२ कशाचा होता हे तुम्हालाच आठवणार नाही.

१६३ म्हणजे बायनरीत १०१० ००११. मोटार चालू, ऑटोवर, फिल्टर तुंबलेला, मुख्य व्हॉल्व्ह उघडा. एखादा बिट तपासायचा तर ज्या घरातलं बघायचं तिथे १ आणि बाकी सगळीकडे ० असलेला आकडा घ्यायचा आणि दोघांचा & करायचा. असा आकडा म्हणजे मास्क. १६३ & ३२ चं उत्तर ३२ येतं, १६३ & ४ चं ०. म्हणजे फिल्टर तुंबलाय, फेज शाबूत आहे.

पहिला घोळ इथेच होतो. उत्तर ३२ आलं, १ नाही. ‘बिट १ आहे का’ असं मनात म्हणत म्हणत पुष्कळ जण हे लिहितात:

(स्थिती & फिल्टर) == १

हे कधीच खरं होणार नाही, कारण ३२ च्या मास्कमधून एकतर ३२ बाहेर पडतील नाहीतर ०. तुलना शून्याशी करा, किंवा खुद्द मास्कशी. अगदी ० किंवा १ असंच उत्तर हवं असेल तर आधी आकडा उजवीकडे सरकवा आणि मग शेवटचा बिट काढा: (स्थिती >> ५) & १. आर्डुइनोमधलं बिटरीड आतून हेच करतं.

एका बिटापर्यंत सगळं सोपं असतं. खरा प्रश्न दोन-चार बिट एकदम तपासताना येतो, कारण तेव्हा ‘यातला एखादा तरी’, ‘यातले सगळे’ आणि ‘हे असावेत, ते नसावेत’ हे तीन वेगळे सवाल असतात आणि लिहिताना ते एकसारखेच दिसतात. एक साचा डोक्यात ठेवला की तिन्ही त्यातून निघतात:

(स्थिती & मास्क) == अपेक्षित

मास्क सांगतो कुठल्या घरांकडे बघायचं. अपेक्षित सांगतो त्या घरांत काय दिसायला हवं. दोन्ही कामं वेगळी आहेत, म्हणून लिहितानाही दोन्ही वेगळी लिहा. माझ्या मते बिट तपासण्यातल्या निम्म्याहून अधिक चुका या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

चारही दोषांचा मास्क आधी बनवू:

दोष = फेज | कोरडी | ओव्हरलोड | फिल्टर

तो होतो ६०. (स्थिती & दोष) == ० म्हणजे एकही दोष नाही. == दोष लिहिलंत तर चारही दोष एकाच वेळी आहेत का, असं विचारल्यासारखं होईल; तसं झालंच तर कोड बघत बसण्यापेक्षा वायरमनला बोलवा. आणि != ० म्हणजे एखादा तरी दोष आहे. शेतकऱ्याला फोन लावायचा तो या शेवटच्या वेळी.

आता जरा अवघड सवाल. ‘पाणी व्यवस्थित चाललंय’ असं कधी म्हणायचं? मोटार चालू, ऑटोवर, मुख्य व्हॉल्व्ह उघडा, आणि चारांपैकी एकही दोष नाही. शेततळं भरलंय की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

हवे = चालू | ऑटो | व्हॉल्व्ह
(स्थिती & (हवे | दोष)) == हवे

हवे म्हणजे १३१, आणि पूर्ण मास्क १९१. १६३ & १९१ म्हणजे १६३, ते १३१ शी जुळत नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. फिल्टर धुतला की स्थिती १३१ होते आणि उत्तर ‘हो’. एका ओळीत सात बिट तपासून झाले.

इथे एक पळवाट मोहात पाडते. रानात उभं राहून बघितलं, सगळं ठीक असताना आकडा १३१ येतोय, मग सरळ स्थिती == १३१ का लिहू नये? चालतं की. आठवडाभर चालतं, पंधरवडाभर चालतं. मग कालव्याला आवर्तन सुटतं, शेततळं काठोकाठ भरतं, बिट ६ चा १ होतो आणि आकडा होतो १९५. १९५ आणि १३१ सारखे नाहीत, म्हणून प्रोग्रॅम ‘बिघाड’ समजून मोटार बंद करतो. रानात बिघाड काहीच नाही, उलट पाणी मुबलक आहे, आणि नेमकं तेव्हाच ठिबक थांबलेलं. मास्क लावला असता तर १९५ & १९१ चे १३१ झाले असते आणि तळं भरल्याची दखलही घेतली गेली नसती. ज्याच्याशी देणंघेणं नाही ते झाकून टाकणं, यासाठीच तर मास्क असतो.

‘सगळे आहेत का’ या सवालाला एक छुपी खाच आहे. मोटार सुरू करण्यापूर्वी आजच्या पाळीतले सगळे व्हॉल्व्ह उघडलेत का, हे तुम्ही (उघडे & पाळी) == पाळी असं तपासता. ठीक. पण शेतकऱ्याने ॲपमध्ये आज एकही व्हॉल्व्ह निवडला नाही तर पाळी शून्य होते. कुठल्याही आकड्याचा शून्याशी & केला की शून्यच येतं, आणि शून्य बरोबर शून्य हे खरंच असतं. प्रोग्रॅम म्हणतो, सगळे उघडे आहेत. मोटार सुरू होते, सगळे व्हॉल्व्ह बंद, आणि दाब पाइपच्या एखाद्या कच्च्या सांध्यातून बाहेर पडतो. म्हणून या तपासणीच्या आधी पाळी != ० ही अट हवीच.

आता शीर्षकातल्या सवालाकडे येऊ. सी, सी++ आणि जावास्क्रिप्टमध्ये == चा मान & पेक्षा वरचा आहे. म्हणजे कंस न घालता

स्थिती & ३२ == ३२

असं लिहिलं तर आधी ३२ == ३२ सोडवलं जातं. ते खरं, म्हणजे १. मग उरतं स्थिती & १. आणि बिट ० कशाचा होता? मोटार चालू! तुम्ही विचारलं ‘फिल्टर तुंबलाय का’ आणि यंत्राने उत्तर दिलं ‘मोटार चालू आहे’. त्यामुळे मोटार चालू असताना दर वेळी फिल्टर तुंबल्याचा मेसेज जातो, बंद असताना जात नाही. फिल्टर तुंबायचा तर मोटार चालू असतानाच तुंबणार, त्यामुळे लक्षण पटण्यासारखं वाटतं. शेतकरी बिचारा जाळी उपसून धुतो, पुन्हा मेसेज येतो, आणि शेवटी सेन्सर बदलला जातो. सेन्सर बिनदोष असतो, दोन कंस मात्र राहिलेले असतात. शून्याशी तुलना करताना कंस विसरलात तर उलटा प्रकार होतो: स्थिती & ३२ == ० हे कायम खोटंच ठरतं.

हा क्रम असा विचित्र का, याचं उत्तर सी घडवणाऱ्या डेनिस रिची यांनी स्वतः देऊन ठेवलंय. सीच्या आधीच्या बी भाषेत अटींमध्येही & हेच चिन्ह वापरलं जाई. नंतर && वेगळं आलं, पण तोवर लिहून झालेले प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून & ची जुनी पायरी तशीच ठेवली गेली. पायथॉनने आणि गोने ती दुरुस्त केली; तिथे & आधी सोडवला जातो. जावा असली ओळ घेतच नाही, कंपाइल करतानाच अडवतो. भाषा कुठलीही असो, कंस घाला. आणि जीसीसी वापरत असाल तर डब्ल्यू-ऑल हा पर्याय लावून ठेवा, तो ही चूक बोट ठेवून दाखवतो. सूचना वाचायची मात्र आपण!

आठपेक्षा जास्त व्हॉल्व्ह झाले की आकड्याची रुंदी आडवी येते. आठ बिटी चिपच्या आर्डुइनो उनोवर साधा इंट १६ बिटांचा असतो. तिथे १ << २० लिहिलं तर सरकवलेला १ आकड्याच्या बाहेरच जातो आणि हाती भरवशाचं काही उरत नाही. त्याहून फसवा प्रकार १ << १५ चा. हा बिट इंटचा चिन्हाचा बिट आहे, त्यामुळे आकडा ऋण होतो. आता व्हॉल्व्हांची स्थिती ३२ बिटांत ठेवली असेल, तर & करताना हा ऋण आकडा ३२ बिटांपर्यंत ताणला जातो आणि ताणताना वरचे सोळाही बिट १ होऊन बसतात. तुम्ही बिट १५ चा व्हॉल्व्ह तपासता आणि १५ पासून ३१ पर्यंतचा कुठलाही उघडा असला तरी उत्तर ‘उघडा’ येतं. यावर उपाय एकच: १ च्या मागे यूएल लावायचं, म्हणजे तो ३२ बिटांचा बिनचिन्हाचा १ होतो. ईएसपी-३२ वर इंट मुळातच ३२ बिटांचा असल्यामुळे तोच प्रोग्रॅम तिथे निमूट चालतो, आणि त्याजागी असा उनो लावला की बिघडतो. जावास्क्रिप्टमध्ये डॅशबोर्ड बनवणाऱ्यांनी हेच बिट ३१ बाबत लक्षात ठेवायचं. तिथे & चं उत्तर चिन्हासह ३२ बिटांचं असतं, म्हणून > ० असं तपासू नका, !== ० तपासा.

रुंदीचाच दुसरा घोळ उत्तर साठवताना होतो. स्थिती १६ बिटांची आहे, तुम्ही बिट ९ तपासला, उत्तर आलं ५१२, आणि ते ठेवलंत एका बाइटमध्ये. बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं. ५१२ चे खालचे आठ बिट सगळे शून्य. व्हॉल्व्ह उघडा असूनही बाइट म्हणतो शून्य. आधी != ० करा, मग साठवा.

बाजारातले कंट्रोलर, रिले बोर्ड, सौर पंपाचे ड्राइव्ह यांच्याशी बोलायचं तर पुष्कळदा मॉडबस लागतं. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली कारखान्यातल्या यंत्रांसाठी आणलेली ही बोली आज बांधावर पोचलीय. तिच्यात चालू-बंद स्थिती एका बाइटमध्ये आठ अशा भरून येतात, आणि मागितलेल्यांपैकी पहिली स्थिती सर्वांत उजव्या बिटात असते. रजिस्टर मात्र १६ बिटांचं, आणि त्यातला वरचा बाइट आधी येतो. पुस्तिकेत बिट ० पासून मोजलेत की १ पासून, हे दोनदा बघा. पुष्कळ पुस्तिका कॉइलचे क्रमांक १ पासून लिहितात आणि तारेवरचा पत्ता मात्र ० पासून सुरू होतो. एका घराच्या फरकाने शेजारचाच व्हॉल्व्ह उघडतो, आणि तोही व्यवस्थित उघडतो, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. एकच व्हॉल्व्ह हाताने उघडून आकडा बघायचा, मग दुसरा, मग तिसरा. पुस्तिकेवर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

आठवड्याच्या पाळ्याही बिटांत छान बसतात. सात वार, सात बिट. सोमवारला बिट ० दिला तर सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणजे १ + ४ + १६ = २१, आणि (२१ >> आज) & १ ने आज पाणी आहे का ते कळतं. फक्त ‘आज’ कुठून येतो ते तपासा. पायथॉनमध्ये सोमवार ० असतो. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये रविवार ०. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे रात्रीची लाइट. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी आलटून-पालटून मिळत असेल, तर मंगळवारच्या रात्रीची पाळी बारा वाजता कॅलेंडरने बुधवारात जाते. शेतकऱ्याच्या लेखी ती अजून मंगळवारचीच रात्र असते. प्रोग्रॅम मात्र बुधवारचा बिट बघतो आणि पाळी मध्येच तोडतो, नाहीतर मध्येच दुसरी सुरू करतो. म्हणून पाळी ज्या वेळी सुरू झाली त्या वेळचा वार साठवून ठेवा आणि संपेपर्यंत तोच वापरा.

मेसेज मराठीत पाठवायचा असेल तर मास्क पुन्हा लागतो, आणि इथे मास्क व अपेक्षित उत्तर यांतला फरक अगदी उघडा दिसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘बारामती’त काना-वेलांटी धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. ‘इंदापूर’चेही तेवढेच. मजकूर २० बाइटांवर कापला तर शेवटचं चिन्ह अर्धवट तुटतं आणि पडद्यावर चौकट नाहीतर प्रश्नचिन्ह उमटतं. तुटू द्यायचं नसेल तर कापायच्या जागेवरचा बाइट चिन्हाच्या सुरुवातीचा आहे की मधला, ते बघावं लागतं. मधल्या बाइटचे डावीकडचे दोन बिट नेहमी १० असतात:

(बाइट & १९२) == १२८

१९२ म्हणजे ११०० ००००, दोन्ही घरांकडे बघ. १२८ म्हणजे १००० ००००, त्यात १ आणि ० दिसू दे. इथे != ० लिहिलंत तर चिन्हाचा पहिला बाइटही, म्हणजे १११० ०००० हाही, मधलाच ठरेल. उत्तर ‘हो’ येत राहील तोवर एकेक बाइट मागे या आणि तिथे कापा. एसएमएसचं गणित यूटीएफ-८ वर करू नका. तिथे देवनागरी मजकूर १६ बिटांच्या चिन्हांत जातो आणि एका मेसेजमध्ये १६० ऐवजी ७० चिन्हंच मावतात. ‘फिल्टर तुंबला, मोटार बंद केली’ एवढं त्यात आरामात बसतं.

चिन्ह देवनागरी आहे का हेही एका मास्कने कळतं. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट २३०४ पासून पुढे १२८ घरांचा आहे, म्हणून खालचे सात बिट झाकायचे आणि उरलेलं २३०४ शी ताडायचं: (चिन्ह & ~१२७) == २३०४. युनिकोडने भारतीय लिपींची मांडणी इस्की या आपल्या जुन्या मानकावरून घेतली, त्यामुळे आपला क आणि बंगालीचा क यांचे खालचे सातही बिट सारखेच आहेत. दोघांचेही २१ येतात. नाव देवनागरीतच आहे ना, हे तपासायला हा मास्क लावणार असाल तर एक सूट ठेवा. काही कीबोर्ड ‘सुर्‍या’तला अर्धा र उमटवताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि ते या गटाबाहेरचं आहे. ते नाकारलंत तर शेतकऱ्याचं अस्सल मराठी नाव फॉर्म घेणार नाही.

शेवटी हे सगळं तपासायचं कसं? आठ बिटांच्या स्थितीला फक्त २५६ किमती असतात. ० ते २५५ चा लूप लावा आणि प्रत्येक किमतीला तुमची अट काय म्हणते ते छापून घ्या. ‘पाणी व्यवस्थित’ची अट बरोबर दोनदाच खरी व्हायला हवी: १३१ ला आणि १९५ ला. ‘एखादा तरी दोष’ २४० वेळा खरी व्हायला हवी. पण नुसत्या मोजणीवर भागत नाही. कंस विसरलेली फिल्टरची अटही १२८ वेळा खरी येते आणि बरोबर लिहिलेलीही १२८ वेळाच. यादीत दोन किमती मुद्दाम बघा. ३२ म्हणजे मोटार बंद आणि फिल्टर तुंबलेला, तिथे ‘हो’ यायला हवं. १ म्हणजे मोटार चालू आणि फिल्टर साफ, तिथे ‘नाही’.